रांगोळीची गाडी

आमचे घर वर्षातून दोनदा अंगणात येत असे. एकदा तुळशीचे लग्न लागून गेल्यावर आणि एकदा वैशाख सरताना, पावसाळ्याची बेगमी भरण्याच्या आधी. सकाळची पेज झाली की आई पदर खोचून बाहेर येई, नानांची छत्री सारवलेल्या अंगणावर आडवी ठेवी आणि तिच्या मापाने रांगोळीच्या रेघा ओढी. तीन छत्र्या लांब, दीड छत्री रुंद. पुढे दोन रेघा जुवाच्या. ही आमची गाडी. मग घरातली एकूण एक वस्तू बाहेर यायची. ट्रंका, पलंग, पाट, हंडे, कंदील, चटया, देवांचे तबक, माझी पाटी. रेघांच्या आत, नानांच्या खांद्याइतक्या उंचीपर्यंत रचून जे मावेल ते आपले. जे मावणार नाही ते दिवेलागणीच्या आत दुसऱ्या कुणाचे तरी झाले पाहिजे. खाण्याच्या जिनसा यात धरत नसत. तांदूळ, कुळीथ, आमसुले, खारातल्या कैऱ्या, आठळ्यांचे मडके हे सगळे पाहुण्यांसारखे भिंतीच्या सावलीत बसून राही. आई म्हणे, जे खाऊन संपते ते सामान नव्हे.

नाना, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. बदलीची नोकरी. रत्नागिरीच्या आधी पाच गावे झाली. त्यातल्या एका बदलीत सामान दोन गाड्यांत भरले होते. पहिली आमच्याबरोबर पोहोचली. दुसरीचा वाटेत आस मोडला आणि ती पंधरा दिवसांनी दारात उभी राहिली. गाडीवानाने विचारले, "बाई, काय काय हाय यात?" आणि आईला सांगता येईना. पंधरा दिवस ती रांधत होती, माझी वेणी घालत होती, आल्यागेल्याला जेवू घालत होती आणि त्या गाडीतल्या एकाही वस्तूवाचून तिचे अडले नव्हते. "पंधरा दिवसांत जे आठवलं नाही ते आपलं कसलं?" असे म्हणून तिने निम्मी गाडी त्याच गावात वाटून टाकली. पुढे रत्नागिरीत आल्यावर नानांच्या बदल्या थांबल्या, आईची गाडी मात्र थांबली नाही. बैल गेले, रांगोळी आली, इतकेच.

या दिवसाचे शब्द दोनच, 'गाडीत' आणि 'बाहेर'. वस्तू ज्याची असेल त्यानेच ते म्हणायचे. आई नानांच्या वस्तूला हात लावत नसे, नाना आईच्या. मी पाच वर्षांची झाले तेव्हापासून माझ्या वस्तूंचा निकाल माझ्याकडे होता आणि त्या बाबतीत मला कुणी लहान समजत नसे. एका शब्दाला मात्र बंदी होती, 'असू दे'. इतर घरांत पोरांना शिवी दिल्याबद्दल मार बसायचा, आमच्या घरात 'असू दे'बद्दल आई रोखून बघायची. एकदा मी फुटक्या बांगड्यांच्या काचांचा डबा पोटाशी धरून म्हणाले, "असू दे ना गं." आई म्हणाली, "कशाला असू दे ते सांग. कारण सांग आणि खुशाल गाडीत ठेव. नुसतं असू दे चालायचं नाही." मी उन्हात उभी राहून पुष्कळ विचार केला. कारण सापडले नाही. डबा शेजारच्या पोरींना गेला, आणि जेवायला बसले तेव्हा मला तो आठवलासुद्धा नाही. याचा मला तेव्हा फार राग आला होता.

नानांच्या नावावर एकच अडगळ होती. सुतळीने बांधलेले सहा टाक. निबे झिजलेली, दांड्या शाईने काळ्या पडलेल्या. प्रत्येक गावच्या कचेरीत वापरलेला एकेक, रत्नागिरीचा धरून सहा. दर खेपेला ती जुडी नानांच्या हातात दिसली की आई म्हणायची, "ते टाक." आणि नाना चष्म्यावरून बघत म्हणायचे, "टाकच आहेत ते." वर्षातून दोनदा, हाच विनोद, याच शब्दांत. दर खेपेला आई हसू लपवायला विहिरीकडे तोंड फिरवी, आणि नाना जुडी टेबलाच्या खणात घालून टेबल गाडीत ढकलत.

लोक हसत. आमच्या घरमालकीण गोदाकाकू चिऱ्याच्या गडग्यापलीकडे राहत. त्या गडग्यावर कोपरे टेकून तमाशा बघायच्या. "काय गो यमुने, आज जप्ती आली की काय?" आई रेघ न मोडता म्हणायची, "आली तर उपाशी जाईल हो, काकू." कुणी कंजूष म्हणायचे, कुणी म्हणायचे बाईच्या हाताला बरकत नाही, लक्ष्मीला भरलेले घर लागते. आई कुणालाही पटवून द्यायला गेली नाही. सणाला जेवायला आलेल्या बायका आमच्या दोन खोल्यांत बसल्या की म्हणत, "यमुने, तुझ्याकडे वारा किती छान येतो गं." वारा सगळ्यांच्याच घरी तेवढाच येत होता. भाट्याच्या खाडीवरून सरळ वर. त्यांच्या घरी त्याला आत शिरायला जागा नव्हती.

याच्या अगदी उलटे घर होते मोठ्या काकांचे. नानांचे थोरले भाऊ हातखंब्याच्या पुढे आडगावात राहत, वडिलोपार्जित शेती बघत. मे महिन्यात आम्ही जायचो. फणस, करवंदे, काकूच्या हातचे घावन आणि नारळाचा रस, सगळे भरपूर. पण मला त्या घरात आठवतो तो माळा. मोडके पाळणे, बिनबुडाच्या घागरी, काच गेलेले कंदील, कुणा आजोबांच्या काठ्या, एकाच पायातल्या खडावा. चालताना वरून माती गळे. काका हातात कसलाही तुकडा घेत, उलटासुलटा करत आणि म्हणत, "असू दे. लागंल कधी तरी." त्यांचे हात ती वस्तू सोडायलाच तयार नसत. माणूस वाईट नव्हता. पोरांना खांद्यावर घेऊन नदीवर नेणारा, पंगतीत स्वतः वाढणारा माणूस. पण त्यांना टाकता येत नसे, आणि आई हे त्यांच्या सख्ख्या भावापेक्षा चांगले ओळखून होती.

इथे जरा थांबते. यांना जाऊन आता चौथा महिना आहे. मी रोज एखादे पान लिहिते, एखाद्या दिवशी तेही होत नाही. परवा मी कपाट उघडले आणि यांचे कोट, चपला, औषधांच्या रिकाम्या बाटल्या, जुने चष्मे बाहेर काढले. मुलगा म्हणाला, "आई, असू दे ना. बाबांची आठवण आहे." सूनबाईच्या तोंडावर काय होते ते मला वाचता येते. चौथ्या महिन्यातच म्हातारी कपाट रिकामे करायला बसली! मी मुलाला म्हटले, "आठवण मला आहे. तिला चपला लागत नाहीत." मला ज्यांना दगड म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे. आईलाही म्हणत.

नाना होळीनंतरच्या एका तापात चार दिवसांत गेले. त्यापलीकडे त्याविषयी मी लिहिणार नाही. दिवसकार्यात त्यांची छत्री दान गेली. छत्री, जोडा, तांब्या द्यावा लागतो. भटजी ती छत्री उघडून फाटकातून बाहेर पडले, आणि अंगणाकडे बघताना माझ्या मनात आले, आता गाडी कशाने मोजायची? इतक्या दुःखात असा विचार यावा याची मला लाज वाटली. आईकडून त्या दिवसांत बायकांनी काय काय काढून घेतले ते वेगळे सांगायला नको. बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र. हिरवे लुगडेसुद्धा कुणीतरी घडी घालून नेले. आई बसून होती. आमच्या घरात पहिल्यांदाच एखाद्याच्या वस्तू त्याला न विचारता बाहेर गेल्या.

महिना उलटल्यावर मोठे काका आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले, डोळे पुसले आणि म्हणाले, "यमुने, आता इथं कुणाच्या आधारानं राहायचं? घर आहे, शेत आहे. भाताच्या आवणीला हात लागतात. कुसुमचं येत्या माघात कुठंतरी बघू."

आई दाराआड उभी होती. थोरल्या दिरासमोर ती पदर सावरून, खाली बघून बोलायची. "दादा, कुसुमची पुढच्या वर्षी सातवीची फायनल आहे."

"फायनल करून काय मामलेदार व्हायची आहे?"

"मास्तरीण होता येतं."

"नानाची पोर मास्तरकी करणार? आणि लोक मला काय म्हणतील? भावाच्या बायकोला वाऱ्यावर सोडली म्हणतील."

आई म्हणाली, "मला इथंच राहू द्या, दादा." काका हसले. त्यांना तो भिडस्तपणा वाटला. विधवेने पहिल्या वेळी हो म्हणू नये, अशी त्यांची समजूत असावी. आईने दुसऱ्यांदा सांगितले, तेही त्यांच्या कानावरून गेले. जाता जाता ते म्हणाले, "तुमचं बिऱ्हाड ते काय! एका गाडीचं. नाना स्वतः सांगायचा हसत हसत. सोमवारी गाडी घेऊन येतो, एक फेरी केली की झालं."

ते वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. जे नियम आम्ही इतकी वर्षे हौसेने पाळले त्यांनीच आम्हाला उचलून न्यायला सोपे करून ठेवले होते. आणि आई म्हणाली, "बरं, या." मी तिच्याशी बोलणे टाकले. मी तशीही कमी बोलणारी मुलगी होते, त्यामुळे तिच्या ध्यानात यायला एक दिवस गेला. विहिरीवर पाणी ओढताना मी शेवटी म्हणाले, "आपलं दहा गाड्यांचं सामान असतं तर त्यांना नेता आलं नसतं."

"दहा गाड्यांचं असतं तर त्यांनी दहा आणल्या असत्या," आई म्हणाली. "सामानाला कुणी कंटाळत नाही. माणसांना कंटाळतात." तिने कळशी काठावर टेकवली. "तुला शाळेत जायचं आहे ना?"

मी मान हलवली.

"मान हलवू नको. सोमवारी कुणी विचारलं की तोंडानं सांग. मोठ्यानं. तुझा शब्द तुझा आहे."

मग तिने सांगितले की खेड्यांतून हायस्कुलात शिकायला आलेली चार मुले जूनपासून आमच्याकडे दोन वेळा जेवायला येणार आहेत. गोदाकाकूंशी बोलणे झाले होते, मुलांच्या घरच्यांना निरोप गेले होते. माझे रुसणे चालू होते तेवढ्यात तिने सगळे करून टाकले होते. "मग काकांना नाही म्हणून सांग," मी म्हणाले. "दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "आता त्यांच्या भाषेत सांगते."

सोमवारी गाडी आली. गाडीवान सोनू म्हणून होता, काळा, लुकडा, बैलांवर जीव असलेला. आईने सकाळीच सगळे घर अंगणात काढून ठेवले होते. रांगोळी काढली नव्हती, कारण खरीच गाडी दारात उभी होती. ती डोक्यावरून पदर घेऊन एकेका वस्तूजवळ उभी राही आणि विचारी, "दादा, हे आत की बाहेर?"

काकांना आमचा खेळ ठाऊक होता. नानांकडून ऐकून ते पोट धरून हसलेले होते. खेळात भाग घ्यायला मिळाल्याचा त्यांना थोडा आनंदही झाला असावा. पलंग आला. "बाहेर? वेडी की काय! शिसवी आहे. आत." नानांचे टेबल, आत. खुर्ची, आत. दोन्ही ट्रंका, आत. तांब्याचा बंब, हंडा, मोठी घागर. "असू दे, असू दे." कंदील, त्याची काच तडकलेली. "असू दे, लागंल." काकांच्या तोंडून तो शब्द निघाला की मला दचकायला व्हायचे, आई शांतपणे पुढच्या वस्तूकडे जायची. तिने बाहेर म्हणून बाजूला ठेवले ते थोडेच. एक मोठे पातेले, दोन लहान, विळी, पाटा-वरवंटा, दोन चटया, देवांचे तबक.

"पाटा का बाहेर?" काकांनी विचारले.

"तुमच्याकडे आहे ना, दादा?"

"तीन आहेत." ते जरा घुटमळले. "चौथा पण असू दे की."

"पाटा चाकाखाली द्यायला बरा," सोनू म्हणाला. "वर नको. बैल माजे हायत, धोंडे वाहायचे रेडे न्हवं."

एवढ्यात गडग्यापलीकडून गोदाकाकूंचा आवाज आला. "अहो दादा, माझ्या पडवीत एक पाळणा पडलाय. एक पाय मोडलेला. न्यायचा का? नाही तर मी चुलीत घालते." काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चुलीत? पाळणा चुलीत घालतात? आणा इकडं, असू दे!" काकूंनी पाळणा दिला, मागून बिनदांड्याची कढई दिली, सुपांची चळत दिली. काकूंची पडवी त्या दिवसापासून कायम साफ राहिली. आईने एकदाही त्यांच्याकडे बघितले नाही.

टेबल चढवण्याआधी काकांनी खण ओढून पाहिला. हातात सुतळीची जुडी आली. "हे काय गं?" त्यांनी विचारले.

आई पातेले उचलत होती, पाठमोरी. वळून बघण्याआधीच ती म्हणाली, "टाक."

काकांनी टाकले. जन्मात ज्या माणसाने फुटकी पणती टाकली नव्हती त्याने ती जुडी हात मागे नेऊन थेट गडग्यावरून रातांब्यांच्या झाडोऱ्यात भिरकावली, आणि हात झटकून आईकडे बघितले. घरच्या सुनेचे एकदा तरी ऐकले, असा त्यांचा चेहरा होता.

मी गडग्यावरून उडी मारली. करवंदीच्या काट्यांत हात घालून, पालापाचोळा उकरून शोधत राहिले. सुतळी सुटली होती. एक सापडला, दोन सापडले, पाच सापडले. सहावा सापडेना. परत आले तेव्हा हाताला रक्त होते आणि काका सोनूला सांगत होते, "तीच म्हणाली टाक! तू ऐकलंस ना?" आणि आई हसत होती. नाना गेल्यापासून पहिल्यांदा. विहिरीकडे तोंड फिरवून, पदर तोंडात धरून हसत होती, आणि तिचे खांदे हसण्यासारखे हलत हलत मग वेगळेच हलू लागले. बंदरात आगबोटीचा भोंगा झाला तो फार लांबला असे मला वाटले.

शेवटी अंगणात उरली माझी पुस्तके. एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. काकांनी गाठोड्याचे वजन पाहिले. "ही कशाला आता? गावची शाळा चौथीपर्यंत." पण हात सोडवत नव्हता. "रद्दी म्हणून असू दे—"

"ती तिची आहेत, दादा," आई म्हणाली. आवाज नेहमीचा झाला होता. "तिला विचारा."

काका माझ्याकडे वळले, कौतुकाने. "काय कुसुमताई? आत की बाहेर?"

जन्मभर 'बाहेर' म्हणजे गेले, दुसऱ्याचे झाले. त्या अंगणात तो शब्द मी शंभरदा उच्चारला असेन. आता मी गाडीकडे बघितले, पलंगाचे पाय आभाळाकडे होते, पाळणा एका बाजूला लोंबत होता. मग आईच्या पायांशी असलेल्या त्या चार भांड्यांकडे बघितले. "बाहेर," मी म्हणाले. मोठ्याने. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"शाबास! शहाणी आहे पोर," काका म्हणाले आणि गाठोडे आनंदाने माझ्या हातात दिले.

सोनूने दोर आवळला, चाकांना हात लावून पाहिला. "दादानू, झाली गाडी. आता हितं मानूस बसायचा नाय."

"अरे, दोघी तर आहेत मायलेकी. मागं थोडी जागा कर."

"कुटं करू? पाळण्यात?"

तेव्हा आई पुढे आली. पदर डोक्यावर तसाच होता, पण ती खाली बघत नव्हती. "दादा, गाडी भरली ना?"

"भरली."

"आमच्या घरचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. मावेल ते गाडीत. मावणार नाही ते बाहेर." तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही दोघी बाहेर."

काकांना कळायला वेळ लागला. मग ते लाल झाले. "हा काय पोरखेळ लावलाय, यमुने?"

"मग जागा करा. मी अडवत नाही. काय काढता? पलंग काढा. नाही तर हंडा काढा. पाळणा काढा, तो तर आमचा नाहीच." ती प्रत्येक नावाला थांबत होती आणि प्रत्येक नावाला काकांची नजर त्या वस्तूवर जाऊन अडकत होती. त्यांनी एकदा पलंगाच्या पायाला हातसुद्धा लावला. हात तिथेच राहिला.

"तेराव्याच्या आत माझं काय काय काढलं," आई हळू म्हणाली, "ते मला कुणी विचारलं नाही, दादा. आत की बाहेर, कुणी म्हटलं नाही. ह्याच्यापुढं माझं काय जायचं आणि काय राहायचं ते मी सांगेन. पोरीचं पोर सांगेल. तिनं सांगितलं आत्ता, तुम्ही ऐकलंत."

गोदाकाकू गडग्यावरून म्हणाल्या, "बिऱ्हाड माझं आहे हो. मला चालतं." इतकेच. मग त्या खाली बसल्या असाव्यात, कारण दिसेनाशा झाल्या.

काका बराच वेळ उभे होते. मला वाटले आता हात उगारतील, किंवा रडतील. त्यांनी गाडीकडे बघितले, आमच्याकडे बघितले. आयुष्यभर ते एकच करत आले होते, दोन्ही ठेवणे. त्या दिवशी त्यांना ते जमेना. शेवटी त्यांनी पागोटे सारखे केले, घसा खाकरला आणि आमच्या दोघींकडे हात करून म्हणाले, "असू दे."

तो शब्द आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आला.

त्यानंतर ते गाडी घेऊन कधी आले नाहीत. दर दिवाळीला पोहे आणि लाल तांदूळ मात्र न चुकता पाठवत राहिले, आणि मी फायनल झाले तेव्हा पेढे त्यांनी वाटले, स्वतःच माझ्या शिक्षणाचा हट्ट धरला असल्यासारखे. आईने त्यांना तसे वाटू दिले. पुढच्या वैशाखात तिने गाडी पुन्हा काढली, स्वतःच्या हाताने मोजून. छत्रीच्या गाडीपेक्षा ती वीतभर लहान भरली. मी तसे म्हटले तर म्हणाली, "बरं झालं. माणूसही एक कमी आहे." मी त्या मापाची गाडी पुढे प्रत्येक घरात काढली. आता फरशी आहे, रांगोळी धरत नाही, म्हणून खडूने काढते. परवा यांचे कोट बाहेर गेले. चष्मा एक ठेवला. कारण होते. मुलाने विचारले नाही, मी सांगितले नाही.

पण त्या सोमवारचे अजून थोडे राहिले. गाडी वळणाआड गेली, चाकांचा करकराट बंद झाला. आत आलो तर घर कुणा दुसऱ्याचे वाटत होते. सारवलेल्या जमिनीत पलंगाच्या पायांचे चार खळगे होते. आई त्यांच्यामध्ये बसली, जिथे नाना निजत. पुढे तिने कितीतरी दिवस त्या खळग्यांना वळसा घालून सारवले. मग एका सकाळी स्वतःच ओल्या मातीने ते भरून टाकले. त्या दिवशी मात्र ती नुसती बसली. मी पाच टाक तिच्यासमोर ओळीने मांडले. "एक नाही सापडला," मी म्हणाले. "कुठल्या गावचा ते कसं कळणार?"

तिने ते एकेक हातात घेऊन पाहिले. सगळे सारखेच काळे. "रत्नागिरीचा तो," ती म्हणाली. "इथंच राहिला."

मग तिने चूल पेटवली, पेज टाकली. मी गाठोडे सोडून भूगोलाचे पुस्तक काढले आणि रोजच्यासारखी मनात वाचू लागले. आई चुलीपाशी म्हणाली, "मोठ्यानं वाच." मी वाचू लागले. रिकाम्या भिंतींवरून माझा आवाज परत येत होता, दुप्पट होऊन, जणू दोन मुली वाचत होत्या. मी बिचकून थांबले.

"थांबतेस कशाला?" आई म्हणाली. "घर रिकामं आहे. नीट ऐकू येतंय."